वाचकांचे प्रश्न : हातातला स्कॅनर वॉकीटॉकी होतो तेव्हा

बारकोड वाचणाऱ्या स्कॅनरचे किंवा कामासाठी मिळालेल्या अँड्रॉइड फोनचे बाजूचे बटण दाबून बोलावे आणि तो आवाज इमारतीतील वाय-फायवरून सगळ्या सहकाऱ्यांच्या हातातील यंत्रांत उमटावा, या सोयीविषयी या सदराकडे बरीच पत्रे जमली आहेत. त्यांतील सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेक शंकांचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : आमच्या गोदामात साठ हँडहेल्ड स्कॅनर आहेत. त्यांतच वॉकीटॉकीचे अ‍ॅप असल्याचे कळल्यावर आम्ही जुने रेडिओ संच वापरणे थांबवले. स्कॅनिंग कुठेही अडत नाही, पण रॅकच्या गल्ल्यांमध्ये बोलणे तुटते, फोर्कलिफ्टवरच्या माणसाला अर्धेच ऐकू येते आणि वाक्याचा पहिला शब्द तर बहुतेक वेळा पोहोचतच नाही. स्कॅनरचा पुरवठादार नेटवर्कला दोष देतो आणि नेटवर्क बसवणारा स्कॅनरला. आम्ही कोणाचे खरे मानावे? — गोदाम व्यवस्थापक, भिवंडी

उत्तर : आपल्या पत्रातील ‘स्कॅनिंग कुठेही अडत नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण याच वाक्याच्या आधारावर अनेक ठिकाणी नेटवर्कला निर्दोष ठरवले जाते. बारकोडची माहिती जेमतेम काही अक्षरांची असते. ती वाटेत हरवली तर यंत्र ती पुन्हा पाठवते, तीही हरवली तर आणखी एकदा पाठवते, आणि मालाची उचल करणाऱ्याला पडद्यावर अर्धा सेकंद जास्त थांबावे लागल्याचे जाणवतही नाही. आवाजाला ही सवलत मिळत नाही. बोलणे साधारणपणे २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते, म्हणजे दर सेकंदाला ५० पॅकेट निघतात, आणि जो तुकडा आपल्या वेळेला पोहोचला नाही त्याची जागा रिकामीच राहते. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चालणाऱ्या संभाषणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याची शिफारस केलेली आहे. बटण दाबून आळीपाळीने बोलताना याहून थोडा उशीर चालून जातो, परंतु मधली भोके चालत नाहीत.

आता आवाज साठ यंत्रांपर्यंत कसा जातो ते पाहू. गावात निरोप पोहोचवण्याचे पूर्वी दोन मार्ग होते. कोतवालाने घरोघर जाऊन सांगायचे, किंवा चावडीसमोर उभे राहून दवंडी द्यायची. वाय-फायवरच्या वॉकीटॉकीतही हेच दोन प्रकार आहेत. पहिल्यात एक सर्व्हर असतो आणि तो प्रत्येक ऐकणाऱ्याला स्वतंत्र प्रत पाठवतो. एक माणूस बोलला आणि चाळीस ऐकणारे असले, तर सेकंदाला दोन हजार पॅकेट हवेत जातात, पण प्रत्येकाची पोच मिळते आणि हरवलेले पॅकेट लगेच पुन्हा पाठवता येते. दुसऱ्या प्रकाराला मल्टिकास्ट म्हणतात. त्यात सर्व्हर लागत नाही, परवान्याचा वेगळा खर्चही अनेकदा नसतो, आणि म्हणूनच स्कॅनरमध्ये आधीपासून आलेली अ‍ॅप बहुतेक याच पद्धतीची असतात. झेब्रा कंपनीच्या यंत्रांतील वॉकीटॉकीचे अ‍ॅप त्याचे परिचित उदाहरण आहे.

दवंडी कोणी ऐकली आणि कोणी नाही, हे दवंडी देणाऱ्याला कळत नाही. वाय-फायमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंटकडून, म्हणजे वाय-फायचा संकेत हवेत सोडणाऱ्या पेटीकडून, निघालेल्या मल्टिकास्ट पॅकेटची पोच कोणीही देत नाही, त्यामुळे हरवलेले पॅकेट कायमचे हरवते. शिवाय सर्वांत दूरच्या यंत्रालाही समजावे म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट ही पॅकेट नेटवर्कच्या सर्वांत कमी ठरवलेल्या वेगाने पाठवतो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात तो वेग १ मेगाबिट राहू दिलेला असेल, आणि आवाज जुन्या पद्धतीने ६४ किलोबिटांवर जात असेल, तर एका पॅकेटला हवेत सुमारे दोन मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ५० पॅकेट धरली तर एका माणसाच्या बोलण्याने त्या चॅनेलचा दहावा हिस्सा व्यापला. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल १, ६ आणि ११ अशी तीनच आहेत. मोठ्या गोदामात एकाच चॅनेलवरचे तीन-चार अ‍ॅक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकू येत असतील, तर प्रत्येक जण तेच बोलणे पुन्हा हवेत टाकतो आणि तो दहावा हिस्सा त्या पटीत वाढतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की बोलण्यासाठी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा, आणि सर्वांत कमी वेग १२ मेगाबिटांच्या आसपास आणून खालचे वेग बंद करावेत.

पहिला शब्द हरवण्याची कारणे दोन आहेत. पहिले यंत्राच्या झोपेचे. बॅटरी वाचवण्यासाठी स्कॅनरचा वाय-फाय भाग मधूनमधून झोपतो आणि ठरावीक अंतराने जागा होऊन आपल्यासाठी काही आले आहे का ते पाहतो. अ‍ॅक्सेस पॉइंट सुमारे १०२ मिलिसेकंदांनी एक खूण प्रसारित करतो, आणि मल्टिकास्ट पॅकेट कितव्या खुणेनंतर सोडायची हे डीटीआयएम नावाच्या आकड्याने ठरते. तो आकडा ३ असेल तर बोलणे तीनशे मिलिसेकंदांपर्यंत अ‍ॅक्सेस पॉइंटमध्येच अडून राहते आणि मग एकदम लोटले जाते. काही यंत्रांना हा लोंढा झेपतो, काहींचा आरंभ कापला जातो. आकडा १ केल्यावर बोलणे सुधारते, पण बॅटरी थोडी लवकर उतरते. पूर्ण शिफ्टभर ती टिकते का, हे दोन-तीन यंत्रांवर पाहून मगच सगळीकडे बदल करावा. दुसरे कारण माणसाच्या सवयीचे आहे. बटण दाबल्यावर यंत्र आधी बोलण्याची पाळी मागते आणि ती मिळाल्यावर एक छोटा सूर वाजवते. त्या सुराआधी उच्चारलेला शब्द कोठेच जात नाही. रेडिओ संचावर काम केलेल्या जुन्या माणसांना ही सवय असते, मोबाइलवर वाढलेल्यांना ती शिकवावी लागते, आणि ते शिकवण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची आहे.

फोर्कलिफ्टची अडचण वेगळी आहे. ताशी दहा किलोमीटर वेगाने जाणारी फोर्कलिफ्ट सेकंदाला जवळजवळ तीन मीटर पुढे सरकते, आणि रॅकचे टोक ओलांडताच मागच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा संकेत एकाएकी कोसळतो. तोपर्यंत यंत्राने नवा अ‍ॅक्सेस पॉइंट धरलेला नसेल तर बोलणे तुटणारच. त्यात प्रत्येक वेळी ओळख पटवण्याची पूर्ण प्रक्रिया मुख्य सर्व्हरपर्यंत जाऊन करावी लागत असेल, तर अर्धा-एक सेकंद सहज जातो. यावरचा उपाय ८०२.११आर या मानकात २००८ पासून आहे. त्यामुळे दुसऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर जाताना ओळखीचे काम आधीच उरकलेले असते. शेजारचे अ‍ॅक्सेस पॉइंट कोणते, हे यंत्राला सांगणारे ८०२.११के हेही सोबत चालू करावे. मात्र काही जुने स्कॅनर ही सोय चालू केल्यावर नेटवर्कला जोडलेच जात नाहीत, म्हणून त्याचीही चाचणी आधी घ्यावी.

आता मोजमाप. आवाजासाठी संकेत उणे ६७ डीबीएम (संकेताचे बळ मोजण्याचे एकक; उण्यातला आकडा जितका मोठा तितका संकेत क्षीण) किंवा त्याहून बळकट असावा, असा या क्षेत्रातला रूढ दंडक आहे. स्कॅनिंग उणे ७५ वरही चालते, आणि आपली फसगत बहुधा तिथेच झाली असावी. हे मोजमाप माल भरलेल्या रॅकमध्ये, यंत्र माणूस धरतो त्या उंचीवर धरून घ्यायला हवे. मी पाहिलेल्या एका गोदामात नेटवर्कचे सर्वेक्षण रॅक रिकामे असताना झाले होते. कागदावर सगळे हिरवे होते, आणि दिवाळीच्या मालाने गल्ल्या भरल्यावर पाण्याच्या बाटल्यांच्या आणि तेलाच्या डब्यांच्या रांगांमागे संकेत उरलाच नाही. पाणी आणि धातू हे रेडिओलहरींना सर्वांत जास्त अडवणारे पदार्थ आहेत. तिथल्या फोर्कलिफ्ट चालकाला मात्र महिनाभर ‘ऐकूनही न ऐकल्यासारखे करतो’ असे ऐकून घ्यावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे : आधी नेटवर्क बसवणाऱ्याकडे जावे, आणि वर सांगितलेली मोजमापे त्याच्यासोबत गल्लीत उभे राहून घ्यावीत. आवाजाच्या पॅकेटना प्राधान्य मिळण्यासाठी अ‍ॅक्सेस पॉइंटवरचे डब्ल्यूएमएम चालू आहे ना, आणि त्या पॅकेटवरचा ४६ हा प्राधान्याचा क्रमांक मधले स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या पेट्या, पुसून टाकत नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

प्रश्न : सकाळी यंत्रे चालू केली की सगळ्यांना सगळे ऐकू येते, पण थोड्याच वेळात काही यंत्रे मुकी होतात. बंद करून पुन्हा चालू केली की परत चालतात. याशिवाय रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत आवाज पहिल्यापासून कधीच गेलेला नाही. — देखभाल विभाग, अंबड, नाशिक

उत्तर : यंत्रे मुकी होण्यास लागणारा वेळ एकदा घड्याळ लावून मोजावा. तो चार मिनिटांच्या थोडा पुढे भरला, तर कारण जवळजवळ नक्की झाले असे समजावे. मल्टिकास्टचा आवाज नको तिथे जाऊ नये म्हणून स्विच एक नोंद ठेवतात, की अमुक गटाचे ऐकणारे अमुक तारेवर आहेत. यंत्र चालू होताना आपले नाव नोंदवते. पुढे कोणीतरी ठरावीक अंतराने ‘अजून ऐकता आहात का’ असे विचारायचे असते. हे काम आयजीएमपी क्वेरिअर करतो, आणि तो साधारण दर १२५ सेकंदांनी विचारणा करतो. नेटवर्कमध्ये असा विचारणारा कोणीच नसेल, तर यंत्रांनाही उत्तर देण्याचा प्रसंग येत नाही, आणि २६० सेकंदांनी स्विच ती नोंद पुसून टाकतो. यंत्र चांगले, वाय-फाय चांगले, आणि तरीही ऐकणाऱ्याकडे शांतता. मुख्य स्विचवर क्वेरिअर चालू करणे हे पाच मिनिटांचे काम आहे, परंतु दोष लक्षात न आल्याने लोक यंत्रे बदलत बसतात.

दुसऱ्या इमारतीचे कारण निराळे आहे. तिथले नेटवर्क वेगळ्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या भागात असेल, आणि असे भाग जोडणारा राउटर मल्टिकास्ट आपणहून ओलांडत नाही. दवंडी वेशीपर्यंतच ऐकू येते. ती पलीकडे न्यायची तर राउटरवर मल्टिकास्टचे मार्ग आखावे लागतात, किंवा सर्व्हरवर चालणारी पद्धत घ्यावी लागते. दोनच इमारती असतील तर पहिला मार्ग पुरतो. वेगवेगळ्या गावांतील शाखा जोडायच्या असतील तर सर्व्हरला पर्याय नाही.

प्रश्न : आम्ही हॉटेलसाठी ऑनलाइन वॉकीटॉकी मागवणार होतो, तेव्हा परवाना लागतो असे कोणीतरी सांगितले. वाय-फायवरच्या फोनला असा परवाना लागतो का? — हॉटेल व्यवस्थापक, कोल्हापूर

उत्तर : वाय-फाय ज्या पट्ट्यांत चालते ते २.४ गिगाहर्ट्झचे आणि २०१८ च्या अधिसूचनेने मोकळे झालेले ५ गिगाहर्ट्झचे पट्टे ठरवलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतात. आपल्या आवारातील वाय-फायवरून कर्मचाऱ्यांनी आपसांत बोलण्यासाठी लहरींचा वेगळा परवाना काढावा लागत नाही. यंत्राला मात्र दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेची मान्यता असावी लागते, आणि नामांकित कंपन्यांच्या यंत्रांना ती असते. रेडिओ संचांमध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्या पट्ट्यातील कमी शक्तीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात, तेही मान्यताप्राप्त असतील तरच. इतर व्हीएचएफ आणि यूएचएफ संचांना परवाना लागतो. संकेतस्थळांवर स्वस्तात मिळणाऱ्या अनेक संचांवर कोणत्या लहरी वापरल्या जातात याचा उल्लेखच नसायचा, आणि त्याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये विक्री मंचांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. संच घेतलाच, तर लहरींची वारंवारता (फ्रिक्वेन्सी) आणि मान्यतेचा क्रमांक बिलाच्या वेळीच मागून घ्यावा.

प्रश्न : रुग्णालयात वॉर्डातील परिचारिकांना असे फोन देण्याचे ठरत आहे. धावपळ वाचेल हे खरे, पण रुग्णांचे नाव आणि आजार सगळ्यांसमोर मोठ्याने ऐकू जाईल याची मला काळजी वाटते. — परिचारिका प्रमुख, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपली काळजी अगदी योग्य आहे, आणि हा प्रश्न यंत्रे विकत घेण्याच्या आधी विचारला गेला याचा मला आनंद वाटतो. वॉकीटॉकी हे मुळात उघड्यावर बोलण्याचे साधन आहे. ज्याला निरोप द्यायचा त्याच्या शेजारी कोण उभे आहे, हे बोलणाऱ्याला दिसत नाही. खाटेशेजारी नातेवाईक बसलेले असताना परिचारिकेच्या खिशातून दुसऱ्या रुग्णाचा तपासणी अहवाल ऐकू येणे, ही त्या रुग्णाच्या विश्वासाला धक्का लावणारी गोष्ट आहे. म्हणून गटावर फक्त जागा आणि गरज सांगावी : ‘वॉर्ड चार, खाट बारा, मदत हवी’. नाव, निदान आणि औषध यांसाठी एकाशी-एक बोलण्याची सोय वापरावी. ती अशा बहुतेक अ‍ॅपमध्ये असते. एका कानाचा हेडसेट दिल्यास बराच प्रश्न सुटतो, मात्र दुसरा कान रुग्णासाठी मोकळा राहिला पाहिजे.

बोलण्याचे ध्वनिमुद्रण ठेवले जाणार असेल, तर ते कोण ऐकू शकेल आणि किती दिवसांनी पुसले जाईल, हे लेखी ठरवून कर्मचाऱ्यांना सांगावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर हा केवळ सौजन्याचा भाग राहिलेला नाही. आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठी दिली जाणारी हाक फक्त या यंत्रावर विसंबून ठेवू नये. लिफ्टमध्ये, क्ष-किरण विभागाच्या शिशाच्या भिंतींमागे आणि तळघरात वाय-फाय हमखास क्षीण होते, म्हणून भिंतीवरचे बटण आणि ध्वनिक्षेपक जसे आहेत तसे राहू द्यावेत.

प्रश्न : कंपनीने आम्हाला स्वतःच्या फोनवर वॉकीटॉकीचे अ‍ॅप टाकायला सांगितले आहे. बॅटरी दुपारीच संपते, आणि घरी गेल्यावरही आवाज येत राहतात. नकार दिला तर काय होईल या भीतीने कोणी बोलत नाही. — कामगार, पनवेल परिसर

उत्तर : घरी आवाज येतात त्यावरून तुमचे अ‍ॅप कारखान्याच्या वाय-फायपुरते नसून इंटरनेटवरून चालणारे आहे, हे स्पष्ट होते. केवळ आवारातील वाय-फायवर चालणारी व्यवस्था फाटकाबाहेर पाऊल टाकताच आपोआप गप्प होते, आणि माझ्या मते कामगाराच्या दृष्टीने तिचा हा मोठाच गुण आहे. इंटरनेटवरच्या अ‍ॅपमध्ये शिफ्ट संपताच गटातून बाहेर पडण्याची सोय असते, आणि ती वेळेनुसार लावून देणे प्रशासकाला शक्य असते. तुम्ही एकट्याने न जाता चार-पाच जणांनी मिळून, किंवा युनियन असेल तर तिच्यामार्फत, ही मागणी लेखी करावी.

बॅटरीचे कारण तांत्रिक आहे. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, न वापरलेल्या फोनमधील अ‍ॅपना झोपवण्याची व्यवस्था फोनमध्येच आहे. वॉकीटॉकी झोपला तर हाक ऐकू येणार नाही, म्हणून त्या अ‍ॅपला या व्यवस्थेतून वगळायला सांगितले जाते, आणि मग ते दिवसभर जागे राहून बॅटरी खाते. कामाचे यंत्र शिफ्ट बदलताना चार्जिंगच्या स्टँडवर ठेवून चार्ज होते, त्याची बॅटरी बदलताही येते. तुमच्या खिशातल्या फोनला यातले काहीच मिळत नाही. ज्या बोलण्यावर कंपनीचे काम चालते, त्यासाठीचे यंत्र कंपनीने द्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि हे पत्र वाचणाऱ्या व्यवस्थापकांनी त्याचा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : आमच्या कारखान्यात द्रावकांची साठवण आहे. नवे फोन आल्यावर जुने रेडिओ संच मोडीत काढावेत का? — सुरक्षा अधिकारी, रसायन कारखाना, लोटे परशुराम

उत्तर : काढू नयेत. ज्या भागात ज्वालाग्राही वाफा जमू शकतात तिथे ठिणगी न उडण्याची खात्री असलेले, पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेच्या मान्यतेचे यंत्रच न्यावे लागते, आणि साधा स्कॅनर किंवा फोन त्यात बसत नाही. दुसरी गोष्ट अशी, की दोन रेडिओ संच एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये काही लागत नाही. वाय-फायवरचा आवाज अ‍ॅक्सेस पॉइंट, स्विच आणि त्यांच्या विजेच्या आधारावर उभा असतो. आग लागल्यावर सर्वांत आधी वीज तोडली जाते. स्विचला यूपीएस असेल आणि अ‍ॅक्सेस पॉइंटला त्याच तारेतून वीज मिळत असेल तर आवाज काही वेळ टिकेल, पण तो किती वेळ टिकतो हे पुढच्या सरावाच्या दिवशी विजेचा मुख्य स्विच खरोखर पाडून आणि घड्याळ लावून पाहावे. त्या सरावात अग्निशमन पथकाच्या हातात जुने संचच असू द्यावेत, आणि त्यांच्या बॅटऱ्या दर आठवड्याला कोणी चार्ज करायच्या, त्या माणसाचे नाव फलकावर लिहून ठेवावे.